गल्लीतली गिरणी आणि एक निनावी अर्ज

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी मी बंद पाडली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आई शेवटचं आजारी होती तेव्हा ओठांवर आलं होतं, पण तिच्या कानाशी वाकून मी दुसरंच काहीतरी बोललो. बायकोला वाटतं, गिरणी महापालिकेच्या ऑफिसवाल्यांनी बंद केली. गल्लीतल्या जुन्या लोकांना वाटतं, तळमजल्यावरच्या काकांनी तक्रार केली होती. तक्रार मी केली होती. एक पानी, छापील, निनावी.

गेली काही वर्षं मी ‘पायी फिरता येईल अशा वस्त्या’ या विषयावर जिकडेतिकडे उभा राहून बोलतो. शहराचे बांधकामाचे आणि जमीन-वापराचे नियम बदलावेत, राहत्या गल्ल्यांमधून छोट्या दुकानांना जागा मिळावी, यासाठी आमच्या मंडळींचे अर्ज मीच लिहून देतो. लोक म्हणतात, तळमळीने बोलता हो. असं कोणी म्हटलं की त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण जात नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची गल्ली कोथरूडमधली. काही जुने बंगले, काही तीन मजली अपार्टमेंट. वडिलांनी निवृत्त होताना पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि वर्षभरात ते गेले. मग घरात मी आणि आई. समोरच्या बंगल्याचे मालक मुलाकडे परदेशी राहायला गेले होते. बंगल्याला रस्त्याच्या बाजूने उघडणारं गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधी आलीच नव्हती. ते गॅरेज त्यांनी यवतमाळकडच्या एका जोडप्याला भाड्याने दिलं. नवरा कारखान्यात जायचा. बाईंनी गिरणी टाकली.

गिरणीवाल्या बाई तेव्हा तिशीच्या असतील. डोक्याला रुमाल, भुवयांवर पीठ, आवाज मोठा, कारण चक्कीच्या आवाजावरून बोलायची सवय. दोन चक्क्या होत्या, एक गव्हाची आणि एक ज्वारी-बाजरीची. मिरची कांडायचं यंत्रही घ्या, उन्हाळ्यात तेच जास्त चालतं, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी घेतलं नाही. “लेकरं खेळतेत इथं. ठसका लागते त्याहिले,” म्हणाल्या. दुपारी एक ते चार गिरणी बंद ठेवायच्या, कारण गल्ली झोपलेली असायची. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आई दर तिसऱ्या दिवशी दळण घेऊन जायची. मी म्हणायचो, महिन्याचं एकदम दळून आण. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: “ज्वारीच्या पिठाची विरी जाते. मग भाकरी तुटते आणि तू म्हणतोस, आई, तुझा हात गेला.” तसा तिच्या गुडघ्यांचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता. पण शेर-दीड शेर ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, डबा रांगेत ठेवायचा आणि बंगल्याच्या कठड्यावर टेकायचं, इतकं तिला जमायचं. तिथे आणखी दोघी-तिघी असायच्याच. डब्यात चिठ्ठी टाकायची पद्धत होती. इतरांच्या चिठ्ठ्या एका शब्दाच्या: बारीक, जाडसर, थालीपीठ. आईची चिठ्ठी म्हणजे पत्रच असायचं. “मागच्या वेळी पीठ गरम लागलं. आज घाई करू नये.” बाई ती चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि म्हणायच्या, “काकू, तुम्ही इथंच तर बसल्या हायत. तोंडानं सांगा न!”

“तोंडी सांगितलेलं तुम्ही विसरता.”

“अन् लिहिलेलं?”

“ते विसरलात तर पुरावा असतो माझ्याकडे.”

दळण होईपर्यंत वीसेक मिनिटं जायची. बायका थांबतात हे बघून इस्त्रीवाल्याने बदामाच्या झाडाखाली टेबल मांडलं. मग एक भाजीवाली साडेनऊच्या सुमाराला हातगाडी घेऊन तिथेच यायला लागली. कोणी नकाशा काढून हे केलेलं नव्हतं. महापालिकेच्या नकाशात आमची गल्ली सगळी पिवळी होती, पिवळं म्हणजे राहण्यापुरतं. पण आईला कोथिंबीर, पीठ, इस्त्रीचे कपडे आणि गल्लीत कोणाच्या घरी काय चाललंय याची बातमी, हे सगळं शंभर पावलांत मिळत होतं. तेव्हा मला त्यात काही विशेष आहे असं वाटलं नाही. उलट हे सगळं जरा गावंढळ आहे असंच वाटायचं.

कारण तोवर मी हिंजवडीला जायला लागलो होतो. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, जेवायला ट्रे. आमच्या पिढीतल्या खूप जणांना तेव्हा अचानक बरे दिवस आले होते, तसे मलाही. आणि मी गाडी घेतली. आमच्या इमारतीतली पहिली. इमारत बांधताना दुचाक्यांपुरतीच जागा सोडलेली होती, त्यामुळे गाडी रस्त्यावर, गिरणीच्या बरोबर समोर लागायची. आणि डब्यांची रांग गिरणीच्या दारापासून रस्त्याच्या कडेने. रोज गाडी काढताना मला त्या डब्यांच्या अंदाजाने चाकं वळवावी लागायची. मी हॉर्न वाजवायचो. बाई येऊन डबे सरकवायच्या. पुन्हा संध्याकाळी तेच.

एका रविवारी सकाळी मी गाडी मागे घेत होतो आणि दोन डबे चाकाखाली आले. एक स्टीलचा, एक डालड्याचा. ज्वारी आणि गहू रस्त्यावर एक झाले. बायका ओरडल्या, मी घाबरून आणखी मागे घेतली आणि स्टीलचा डबा पुरता चपटा झाला.

तळमजल्यावरचे काका खिडकीत पेपर वाचत बसलेले होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, एकटे, गल्लीत कोणालाही एका वाक्यात गार करणारे. ते म्हणाले, “अहो, रिव्हर्स गिअर गाडीबरोबर आलाय म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही.”

कठड्यावरची एक बाई म्हणाली, “काका, असू द्या हो. पहिलीच गाडी आहे त्यांची.”

“पहिली आहे हे दिसलं. आता निदान डबे तरी शेवटचे ठरोत.”

सगळे हसले. इस्त्रीवाला हसला. आणि कठड्यावर बसलेली माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. गिरणीवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सूप घेऊन आल्या, खाली बसून धान्य गोळा करायला लागल्या आणि म्हणाल्या, “राहू द्या भाऊ. डब्बाच चेपला न, माणूस तर नाही चेपला.” ज्यांचं धान्य सांडलं त्यांना त्यांनी स्वतःच्या घरच्या धान्यातून दळून दिलं.

एवढंच कारण. मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो की आवाज होता, पीठ उडत होतं, वाहतुकीला अडथळा होता. होतंही थोडंफार. पण अर्ज मी लिहिला तो त्या हसण्यामुळे. आणि खरं सांगायचं तर बाईंच्या त्या समजूतदारपणामुळे जास्त.

आमच्याकडे भांडण करण्यापेक्षा अर्ज करणं बरं समजतात. माझ्या वडिलांनी नळापासून बसथांब्यापर्यंत अर्ज केले होते, पण सही करून. मी शिवाजीनगरला महापालिकेत जाऊन बांधकाम आणि जमीन-वापराची नियमावली विकत आणली. दोन संध्याकाळी पेन्सिलने खुणा करत वाचली. निवासी विभागात काय चालत नाही, ते एका पानावर होतं. यंत्रावर चालणारे उद्योग चालत नाहीत. मला हवं ते मिळालं. चार पानं पुढे एक पोटकलम होतं: तळमजल्यावर, ठराविक ताकदीपर्यंतची मोटर असेल आणि शेजाऱ्यांना उपद्रव होत नसेल, तर पिठाची गिरणी रीतसर परवानगी घेऊन चालवता येईल. बाईंची मोटर त्या मर्यादेत बसत होती. मला माहीत होतं, कारण मीटर बदलताना त्यांनी मलाच कागद वाचायला दिले होते. मी ते पोटकलम वाचलं आणि पान उलटलं.

अर्जात मी लिहिलं: “सदर गिरणीच्या कर्कश आवाजामुळे व उडणाऱ्या पिठामुळे परिसरातील ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे.” परिसरातील ज्येष्ठ नागरिक म्हणजे माझी आई, जी तेव्हा खाली कठड्यावर बसलेली होती. खाली लिहिलं, ‘एक त्रस्त नागरिक’. घरच्या प्रिंटरवर छापलं. तेव्हा मराठी छापायची सोय फार थोड्या घरांमध्ये होती. आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावर पाण्याच्या वेळा, वर्गणी, गच्चीच्या किल्ल्या अशा सगळ्या सूचना मीच छापून लावायचो. अर्ज त्याच अक्षरांत, त्याच समासाच्या मापात छापला. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. लपून काही करायची सवय नसलेला माणूस असंच लपतो.

महिन्याभराने बाईंना नोटीस आली. त्यांनी आमच्या दाराची बेल वाजवली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. हातात नोटीस आणि तिच्याबरोबर जोडलेली तक्रारीची प्रत.

“भाऊ, हे पहा न जी, काय आलं. आधी खालच्या काकाईले दाखवलं. त्यांनी वाचलं, कागद दोनदा उलटापालटा केला, अन् म्हणाले, ‘वर जा. पहिल्या मजल्यावर. याचं उत्तर तोच नीट देऊ शकेल.’”

मी माझाच अर्ज हातात घेतला. जिन्यातल्या फळ्यावरची सूचना आणि हा कागद एकाच घरातले आहेत, हे काकांना एका नजरेत कळलं होतं. त्यांनी बाईंना माझं नाव सांगितलं नाही. माझी चूक मीच निस्तरावी म्हणून त्यांना माझ्या दारात पाठवून दिलं. हे सगळं मला तेव्हाच्या तेव्हा समजलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की मी वाचलो.

आई चहा घेऊन आली. “दे रे लिहून तिला नीट. तुझ्यासारखं मुद्देसूद या गल्लीत कोणी लिहीत नाही.” मग बाईंना म्हणाली, “काही होत नाही, बसा तुम्ही. गिरणी बंद करून लोकांनी खायचं काय, कागद?”

बाई खुर्चीच्या काठावर बसल्या. चहा बशीत ओतला आणि प्यायल्या नाहीत. “कोनाले तरास झाला असन तर मी टायम बदलवते. खिडकीले पोतं लावते. पण बंद नका करू म्हणा. इथं बस्तान बसलं आता, पोरीची शाळा हाय पायी जायपुरती.”

नियमावली माझ्या टेबलाच्या खणात होती. पेन्सिलने खुणा केलेली. एक ओळ लिहायची होती: अमुक पोटकलमानुसार परवानगी मिळावी. ती ओळ लिहिली असती तर मी वाचलेलं आहे हे दिसलं असतं, म्हणून नाही लिहिली, असं मी पुढे मनाशी म्हणायचो. पण ते कोणाला दिसणार होतं? त्या दोघींना? खरं म्हणजे ती ओळ लिहिली असती तर माझा अर्ज हरला असता. स्वतः लिहिलेला अर्ज हरावा असं मला वाटलं नाही. इतकं क्षुद्र कारण होतं.

मी फार सुंदर उत्तर लिहिलं. हातावर पोट असलेलं कुटुंब आहे, परगावाहून आलेलं आहे, सहानुभूतीने विचार व्हावा, आणि ‘पर्यायी जागा शोधण्यासाठी मुदत मिळावी’. आईने ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी अंगठ्याने शाई पुसली जाणार नाही अशा बेताने सही केली.

आठवड्याने त्या ऑफिसात जाऊन आल्या. “साहेब भले मानूस होते. म्हणले, बाई, तुमच्या अर्जात तुम्हीच हलतो म्हणून लिहिलं हाय. परवानगीचा काही मुद्दा मांडला असता तर मी पाह्यलं असतं. आता मुदत देतो.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पण तुमच्यामुळं मुदत तरी भेटली भाऊ. नाही तर आठ दिवसांत सामान फेकलं असतं म्हणतेत.” आणि आईच्या हातात भाजणीच्या पिठाचा डबा दिला. ती भाजणी आमच्याकडे महिनाभर चालली. मी थालीपीठ खाल्लं. लोणी घालून खाल्लं.

गिरणी हलली. ट्रकमध्ये चक्क्या चढवल्या तेव्हा मी ऑफिसला गेलो होतो. त्या दिवशी मुद्दाम लवकर.

तक्रार कोणी केली याची चर्चा गल्लीत झालीच. सगळ्यांचं बोट काकांकडे गेलं, कारण आवाजावरून टोमणे तेच मारायचे. कोणीतरी त्यांना जिन्यात गाठून विचारलं. मी वरच्या पायऱ्यांवर होतो. काका म्हणाले, “मी तक्रार केली असती तर सही करून केली असती. ठळक अक्षरात. पत्त्यासकट.” एवढं बोलून त्यांनी फळ्यावरच्या सूचनेकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. आत गेले आणि दार लावलं. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षं ते त्या घरात राहिले, आणि संक्रांतीला त्यांच्या दारात तिळगूळ घेऊन जाणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी होत गेली. मी जायचो. ते वडी घ्यायचे, “गोड बोला” म्हणायचे आणि एक क्षण जास्त थांबायचे. मी कधी काही बोललो नाही. ते गेले. त्यांच्या बाबतीत आता काही करता येण्यासारखं उरलेलं नाही.

गिरणी गेल्यावर गल्लीत लगेच काही घडलं नाही. भाजीवाली पंधरा दिवस आली, मग थांबणारं कोणी नाही म्हणून दुसरीकडे जायला लागली. इस्त्रीवाला पावसाळ्यापर्यंत टिकला. गॅरेजचं शटर खाली आलं ते आलंच. गल्ली शांत झाली. माझ्या गाडीला भरपूर जागा झाली. पुढच्या दोन वर्षांत गल्लीत आणखी गाड्या आल्या आणि कठड्याला लागून उभ्या राहिल्या, मग कठड्यावर बसायचं म्हटलं तरी बसता येईना.

सर्वांत जवळची दुसरी गिरणी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. रस्ता रुंद झालेला, मधे दुभाजक, ओलांडायची जागा लांब. आई एकदा डबा घेऊन गेली आणि दुभाजकापाशी अर्धा तास उभी राहून परत आली. डबा तसाच. “गाड्या थांबतच नाहीत रे,” म्हणाली, जशी काही तिचीच चूक होती.

“मी आणतो ना गाडीतून,” मी म्हणालो. “नाही तर तयार पीठ मिळतं पिशवीत.”

“तू आणशील रे. पण मी मग काय करू?”

मला तो प्रश्न कळलाच नाही. मी म्हणालो, “आराम कर.” आणि तिने केला. आधी तिसऱ्या दिवशी जिना उतरणं बंद झालं. मग फक्त डॉक्टरांसाठी, आणि तेही माझ्या गाडीतून. माझं लग्न झालं, बायको सकाळी आठला ऑफिसला निघायची. दिवसभर आई गॅलरीत. एक-दोन वर्षांत पाय इतके आखडले की खुर्चीतून उठायला हात द्यावा लागायचा. गुडघे होतेच, वय होतंच. डॉक्टर म्हणाले, “यांना रोज थोडं चालवा.” आई हसून म्हणाली, “कुठे?” डॉक्टरांना वाटलं, ती टाळते आहे. मला वाटलं, तिला कळलंय. तिला कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. पिशवीतल्या पिठाची भाकरी तिने कधी थापली नाही. पोळ्या खाल्ल्या, तक्रार केली नाही.

ती गेल्यानंतर मी चालायला लागलो. आधी नुसताच, संध्याकाळी. मग लक्षात यायला लागलं की कर्वेनगरपर्यंत जाताना फूटपाथ किती ठिकाणी संपतो, किती सोसायट्यांच्या लांबच लांब भिंतींच्या कडेने चालावं लागतं, आणि एका काडेपेटीसाठी माणसं स्कूटर का काढतात. असंच बघत फिरणाऱ्या चार-पाच लोकांशी ओळख झाली. मुद्देसूद लिहिणारा माणूस त्यांना हवाच होता. मी पुन्हा नियमावली विकत आणली. नवी, जाडजूड. पुन्हा पेन्सिलने खुणा केल्या. या वेळी प्रत्येक अर्जावर सही केली, पत्त्यासकट. त्याने काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

मागे नियमांच्या नव्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. राहत्या गल्ल्यांमध्ये तळमजल्यावर किराणा, शिवणकाम, दवाखाना, गिरणी अशा छोट्या गोष्टींना सहज परवानगी द्यावी, नव्या इमारतींनी रस्त्याच्या बाजूला सलग भिंत घालू नये, अशा आमच्या सूचना होत्या. सुनावणीला सभागृह भरलं होतं. बरेचसे लोक विरोधात. एका सोसायटीचे सचिव उठले, व्यवस्थित इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद. “ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याचा विचार व्हावा,” ते म्हणाले. माझ्याच वयाचे होते. त्यांचा मला राग यायला हवा होता.

माझी पाळी आली तेव्हा मी आईची गोष्ट सांगितली. शंभर पावलं, दळण, कठडा, मग गॅलरी. समोरच्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “गिरणी बंद का झाली?”

“तक्रार झाली होती.”

“कोणाची?”

“निनावी होती.”

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “निनावी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला कोणीतरी. लांबच्याला एवढी चिकाटी नसते.” लोक हसले. मीही हसलो. मग टाळ्या पडल्या. बाहेर पडताना त्याच सोसायटीच्या सचिवांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं हो.” मी आभार मानले.

त्याच आठवड्यात मी धायरीला गेलो. बाई तिकडे गेल्या एवढंच माहीत होतं. जुन्या गावठाणाच्या तोंडाशी पारावर एक गृहस्थ बसले होते, त्यांना विचारलं.

“यवतमाळवाल्या बाईंची गिरणी? ती काय, देवळाच्या मागं हाय. पायी जावा. गाडी न्याल तर आडकून बसाल.”

गल्ली इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तेव्हा मी एका ओट्यावर चढलो. गिरणी चालू होती. दारात डबे, डब्यांशेजारी दोघी बसलेल्या. बाईंचे केस आता पांढरे. पीठ कुठलं आणि केस कुठले, समजत नव्हतं.

“अरे बापा! भाऊ तुम्ही?” त्यांनी मोटर बंद केली. “काकू कशा हायत?”

मी सांगितलं. त्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, “शेवटी शेवटी चालत होत्या का जी?”

“नाही.”

“माझी गिरणी असती न तिथं, तर आल्या असत्या,” त्या म्हणाल्या. आरोप नव्हता. हवामानाबद्दल बोलावं तसं बोलल्या.

मग त्यांनी आपलं सांगितलं. इथे आल्यावर जागाच मिळेना. तीन वर्षं चक्क्या ताडपत्रीखाली पडून. त्या एका मसाल्याच्या कारखान्यात पुड्या भरायला जायच्या, मिरचीच्या धुळीत. दम्याचा पंप तेव्हापासून. मुलीची शाळा वर्षाच्या मधेच सुटली ती पुन्हा नीट लागली नाही. “पण तुम्ही लिहून देल्लं म्हणून मुदत भेटली, नाही तर मशीनच मोडून गेली असती. ते मी कधी विसरत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्या खालच्या काकाले मात्र मी माफ नाही केलं. गेल्याचं समजलं, तरी आली नाही मी. कायले येऊ?”

“त्यांनी नव्हती केली तक्रार,” मी म्हणालो.

“मग कोनं केली?”

मी तोंड उघडलं. नेमकी दारातली एक बाई म्हणाली, “अवो ताई, माझं आधी टाका, गॅसवर दूध हाय.” बाईंनी उठून मोटर चालू केली. आवाज आला. त्या आवाजावरून ओरडून सांगता आलं असतं. मी ओरडलो नाही. दळण होईपर्यंत उभा राहिलो आणि तेवढ्या वेळात जे धैर्य गोळा झालं होतं ते विरलं.

मोटर थांबली. “काय म्हणत होते भाऊ?”

“काही नाही. आठवत नाही कोणी केली ते.”

त्यांनी मला ज्वारीचं ताजं पीठ बांधून दिलं. मी घेतलं.

आता नियम होतील तसे होतील. कदाचित एखाद्या गल्लीत पुन्हा शटर वर जाईल. ते चांगलंच होईल आणि त्यात माझाही हात असेल, असं लोक म्हणतील. पण नियम बदलणं हे मी शहरासाठी करतो आहे. बाईंसाठी मी अजून काहीच केलेलं नाही. हे छापून आलं तरी त्या वाचणार नाहीत. वाचलं तरी ते माझं सांगणं होणार नाही. तो पुन्हा एक छापील कागदच होईल.

मी त्यांचं देणं लागतो ते असं: धायरीला जाऊन, मोटर बंद करायला लावून, त्यांच्यासमोर बसून सांगणं की अर्ज मी केला होता, उत्तरात परवानगीची ओळ मी मुद्दाम गाळली होती, आणि काका निर्दोष होते. मग त्या जे बोलतील ते मधे एक शब्दही न बोलता ऐकून घेणं. ते मी अजून केलेलं नाही.